गोझेई आजीचा घरबसल्या समुद्र

"मी गाडीत बसणार नाही," गोझेई आजीने जाहीर केलं आणि पुढ्यातल्या कारल्याच्या भाजीकडे लक्ष वळवलं.

चोकेइ योनामिने यांच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेतच राहिल्या. नगरपालिकेच्या समुद्र विभागात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा सत्तरीचा गृहस्थ. लोकांच्या साध्या "हो"लासुद्धा त्यांनी आयुष्यभर तीन प्रती आणि शिक्का मागितला होता. पण सत्त्याण्णव वर्षांची आई "नाही" म्हणाली तर अपील कुठे करायचं, याचा फॉर्म त्यांच्याही कपाटात नव्हता.

गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. ओकिनावात माणूस सत्त्याण्णवचा झाला की पुन्हा लहान मूल झाला असं मानतात. त्याच्या हातात कागदाचं भिरभिरं देतात, उघड्या गाडीत बसवतात आणि गावभर मिरवतात. लोक रस्त्यावर येऊन त्याचा हात हातात घेतात, म्हणजे त्याच्या आयुष्यातलं चिमूटभर आपल्यालाही लागावं. माएझाकी गावात हा योग अकरा वर्षांनी आला होता. शेजारगावच्या दंतवैद्याची टप नसलेली गाडी ठरली होती, बायकांच्या नाचाची तालीम सुरू झाली होती आणि तीनशे गोड भज्यांचं पीठ कोण भिजवणार यावरून दोन घरांत अबोलाही धरून झाला होता. दिवस होता बरोबर वीस दिवसांवर.

"अगं आई, गाव काय म्हणेल?"

"गावाला म्हणावं तुम्ही बसा. जागा आहे गाडीत." आजीने शांतपणे घास चावला. "सात वर्षं झाली, इनोत पाय घातला नाही मी. आधी मला माझा समुद्र दाखव. मग गाडीत बसव नाहीतर हातगाडीवर बसव."

इनो म्हणजे किनारा आणि प्रवाळाची भिंत यांच्यामधलं उथळ पाणी. आजीने साठ वर्षं ओहोटीला त्या पाण्यात उतरून लोखंडी आकड्याने ऑक्टोपस काढले होते. त्यावर चार पोरं वाढवली, घराचं छप्पर घातलं. नव्वदीला गुडघे गेले आणि डॉक्टरांनी सांगितलं, एक लाट लागली तर कंबरेचं हाड राहणार नाही. तेव्हापासून आजी ओट्यावर बसून समुद्राच्या आवाजावरून भरती-ओहोटी सांगायची. समुद्र घरापासून दोनशे पावलांवर होता आणि मध्ये लाटा अडवणारी सिमेंटची भिंत होती.

"अहो," चोकेइंची बायको हात्सुको म्हणाली, "मिसाकीने ओसाकाहून पाठवलेला तो चष्मा पडलाय ना कपाटात? लेकीने एवढ्या हौसेने पाठवला, तुम्ही खोकंसुद्धा उघडलं नाहीत."

चष्मा कसला, डोळ्यांवर बांधायचा डबाच तो. पण तो चढवला की घरबसल्या हवं तिथं जाता येतं, म्हणे. मान वळवाल तिकडचं दिसतं. डोंगर, चंद्र, समुद्र. चोकेइंना ही कल्पना फारच पटली. समुद्र घरी येणार आणि कुणालाही भिजावं लागणार नाही, यातला दुसरा भाग तर विशेष पटला. त्याचं कारण त्यांनी बायकोलाही चव्वेचाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

रविवारी आजीला चष्मा चढवला. डब्यात कुठल्याशा परदेशातला प्रवाळ आधीच भरून आला होता. आजीने डावा हात झपकन पुढे मारला आणि टेबलावरचं सूप हात्सुकोच्या मांडीवर गेलं.

"निसटला," आजी म्हणाली. "हा तळायचा होता. तो पट्ट्यापट्ट्यांचा रश्श्याचा. आणि ही पिवळी बया काही कामाची नाही, नुसते काटे." पाच मिनिटं आजीने समोरचा सगळा समुद्र मनातल्या मनात शिजवला. मग चष्मा काढून ठेवला. "हा आपला समुद्र नव्हे."

"समुद्र तो समुद्र, आई."

"इथले मासे तोंडावर येतात. यांना पिढ्यान्पिढ्या कुणी खाल्लेलं नाही, चेहऱ्यावरूनच कळतंय. मला माझा इनो दाखव. आणि..." आजीने कुंपणापलीकडे पाहिलं. पलीकडे त्र्याण्णव वर्षांची नाबे आजी कपडे वाळत घालत होती. एकच पंचा ती दहा मिनिटं वाळत घालत होती. आजीने मुलाचा कान जवळ ओढला. "मला माझं बीळ बघायचंय."

चोकेइ दचकले. ऑक्टोपसचं चांगलं बीळ म्हणजे इस्टेट. आज त्यातला ऑक्टोपस काढला की महिन्याभरात दुसरा येऊन बिऱ्हाड करतो. म्हणून ते बीळ कुठे आहे हे माएझाकीत कुणी कुणाला सांगत नाही, सख्ख्या लेकीलाही नाही, सुनेला तर नाहीच. गोझेई आणि नाबे या दोघी सत्तर वर्षं शेजारी राहिल्या, एकमेकींच्या पोरांना दूध पाजलं, पण समुद्रावर जाताना एक पूर्वेकडून निघायची आणि दुसरी पश्चिमेकडून. नववर्षाला कुणाचा ऑक्टोपस मोठा, यावरून दोघींचं भांडण वर्षभर पुरायचं.

तेव्हा आता आपल्या समुद्राची फिल्म काढणं आलं. चोकेइ शहरात जाऊन कॅमेरा घेऊन आले. अंड्याएवढा, पुढे एक डोळा, मागे एक डोळा. दुकानदार भराभरा काहीतरी सांगत होता, पण चोकेइंना सरकारी माणसाच्या पद्धतीने ऐकायची सवय होती, म्हणजे मान डोलवायची. पुढचा डोळा कामाचा आणि मागचा जादा, पुढचा बिघडला तर असावा म्हणून दिलेला, अशी त्यांनी समजूत करून घेतली. या दूरदृष्टीचं त्यांना कौतुकही वाटलं. सरकारी खरेदीत असा विचार कोण करतो?

मग परवानगी. इनोत कुठलीही वस्तू ठेवायची तर अर्ज क्रमांक सात. खिडकीत त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मिनेइबाई बसल्या होत्या.

"साहेब, रकाना चार. समुद्रातून काय काढणार?"

"काही नाही."

"काही नाही, किती किलो?"

"काही नाही म्हणजे काही नाही, मिनेइबाई! फक्त बघणार."

"मग शून्य किलो लिहा. पण शून्य किलोला परवानगी लागतच नाही, साहेब. मग अर्ज का करताय?"

"कारण वस्तू पाण्यात ठेवणार आहे!"

"मग रकाना चार भरावा लागेल. खाली टीप आहेच. 'रकाना रिकामा असल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही.'"

"असली टीप कुठल्या मूर्खाने घातली?"

मिनेइबाई अदबीने खाली बघत राहिल्या. कागदाच्या कोपऱ्यात तयार करणाऱ्याचा शिक्का होता, आणि तो योनामिने याच आडनावाचा होता. चोकेइंनी मुकाट्याने "अर्धा किलो शिंपले" असं खोटं लिहिलं. बत्तीस वर्षांत लोक आपल्याशी खोटं का बोलत आले, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"रकाना नऊ," मिनेइबाई म्हणाल्या. "वस्तू स्थिर की तरंगती?"

"कॅमेरा बांबूला. बांबू माझ्या हातात."

"मग तुम्ही स्थिर की तरंगते, साहेब?"

चोकेइंच्या कपाळावर घाम आला. आता ते कारण सांगायलाच हवं. चोकेइ योनामिने यांना पोहता येत नव्हतं. दर वर्षी समुद्र खुला करण्याच्या समारंभात "समुद्र आपली माता आहे" हे भाषण त्यांनी एकंदर बत्तीस वेळा केलं, प्रत्येक वेळी बूट घालून आणि कोरड्या वाळूवर उभं राहून. सहा वर्षांचे असताना ते बुडता बुडता वाचले होते. त्यानंतर गुडघ्याच्या वर समुद्र त्यांनी कधी येऊ दिला नाही. हे माहीत होतं एका आईला, आणि ती कधी बोलली नव्हती.

"स्थिर," चोकेइ करारी आवाजात म्हणाले.

खरं तर त्यांचा विचार एखाद्या मच्छीमाराला बांबू देऊन पाठवायचा होता. पण घरी येऊन तसं बोलताच आजी कडाडली, "मच्छीमाराला माझं बीळ दाखवू? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! तू जा. तू एकटा जा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गावच्या सभागृहाचा भोंगा खरखरला. सभागृहाचे प्रमुख आगारिए यांना चोकेइंनी ही गोष्ट अत्यंत खासगीत सांगितली होती.

"ग्रामस्थहो, सुप्रभात. आज वारा पूर्वेचा. शाळेजवळ एक तपकिरी बूट सापडला आहे. तसंच, आपले चोकेइभाऊ मातृभक्तीपोटी वयाच्या सत्तराव्या वर्षी स्वतः समुद्रात उतरत आहेत. त्यांना वाट विचारून त्रास देऊ नये."

मग काय, वाट न विचारता त्रास द्यायला सगळा गाव आला. एक म्हणाला पायात मोजे घाला, समुद्री साप चावत नाही. दुसरा म्हणाला मोजे काढा, सापाला वास येतो. नाबे आजी तर कुंपणावर हनुवटी टेकवून रोज विचारायची, "काय रे चोकेइ, कुठल्या बाजूने उतरणार? पूर्वेने की पश्चिमेने? म्हणजे मी तुझ्यासाठी प्रार्थना त्या बाजूला तोंड करून करीन."

बीळ सापडायचं कसं, ते आजीने डोळे मिटून सांगितलं. समुद्रावर पाटी नसते. तिथं माणूस जमिनीकडे बघून जागा ओळखतो. देवराईतलं उंच झाड आणि शाळेची पाण्याची टाकी एका रेषेत धरायची. तसंच धरून पाण्यात मागे मागे जायचं. पाठीला मडक्यासारखा खडक लागला की त्याच्या डाव्या अंगाला, कोपरभर खाली, बीळ.

"पण आई, टाकी पाडून बारा वर्षं झाली."

"मग दुसरी उभी कर."

दुसरी टाकी म्हणून हात्सुको उभी राहिली. शाळेच्या मागच्या टेकाडावर, लाल छत्री उघडून. "अहो, मी छत्री हलवली तर थांबा बरं का," तिने बजावलं. चोकेइंना ऐकू आलं, "हलवली तर चला." आणि त्यांच्या हातात एक फुगवलेली, तरंगायची रिंग बघून तिने विचारलं, "हे काय?"

"कॅमेऱ्यासाठी. बुडाला तर?"

रिंग पर्यटकांच्या दुकानातली होती. त्यांच्या पोटाला बसेल अशी एकच शिल्लक होती, आणि तिच्यावर कलिंगडाच्या फोडीची नक्षी होती.

बुधवारी ओहोटीला, भिंतीआड कुणी नाही असं पाहून, चोकेइंनी रिंग कमरेला चढवली, बांबू छातीशी धरला आणि समुद्राकडे पाठ करून चालायला सुरुवात केली. झाड आणि छत्री, छत्री आणि झाड. पाणी गुडघ्याला आलं. मांडीला आलं. त्यांनी आपलं बत्तीस वर्षांचं भाषण पुटपुटायला घेतलं. पायाखाली काहीतरी मऊ, लांबट आणि थंड आलं. ती समुद्रकाकडी होती आणि ती बिचारी कुणाला काही करत नाही, हे त्यांनी स्वतः तीन पत्रकांत छापलं होतं. तरी ते एका पायावर उडाले. टेकाडावर हात्सुकोने जिवाच्या आकांताने छत्री हलवली. चोकेइ आज्ञाधारकपणे मागे चालत राहिले आणि मागच्या चरात नाहीसे झाले.

पुढचं काही त्यांना नीट आठवत नव्हतं. रिंगेने त्यांना वर काढलं, पाण्याच्या ओढीने आडवं नेलं, आणि बऱ्याच वेळाने पायाला वाळू लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पाणी कमरेइतकंच आहे. तिथून उठून, झाड आणि छत्री पुन्हा एका रेषेत धरून, त्यांनी मडक्यासारखा खडक गाठलाच. सरकारी नोकर सुरू केलेलं काम सोडत नाही. बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी शिंपल्यांचा ढीग होता, म्हणजे आत बिऱ्हाडही होतं.

घरी येऊन त्यांनी फोनवर फिल्म पाहिली. फोनवर फक्त पुढच्या डोळ्याचं दिसत होतं. प्रवाळ, निळे मासे, मध्ये थोडी उलथापालथ, मग बीळ. आवाज कसा वाढवायचा ते त्यांना माहीत नव्हतं. झालं ते उत्तम झालं, असं म्हणून त्यांनी रिंगेची हवा सोडली आणि ती कपाटाच्या मागे लपवली.

सोहळ्याचा दिवस उजाडला. दहाचं निमंत्रण होतं म्हणून गाव अकराला जमला. सभागृहात दोनशे माणसं, भजी, आवामोरी दारूच्या बाटल्या, पुढच्या रांगेत नाबे आजी. बाहेर दंतवैद्याची गाडी फुलांनी सजून उभी. पिवळा झगा घातलेली गोझेई आजी मधोमध बसली होती आणि समुद्र पाहिल्याशिवाय उठणार नव्हती. चोकेइंनी तिला चष्मा बांधला. त्याच वेळी आगारिए यांनी मागचा पडदा ओढला. मागे सभागृहाचा भलामोठा टीव्ही होता.

"चोकेइभाऊ, तुम्हाला सांगितलं नव्हतं! आजीला जे दिसेल ते इथं सगळ्यांना दिसेल. आनंद वाटल्याने वाढतो!"

"अहो, पण ते बी—" चोकेइ म्हणाले आणि गिळून बसले. बीळ म्हणायचीसुद्धा चोरी.

सुरुवात छानच झाली. पडद्यावर हिरवंनिळं पाणी, शिंगांसारखे फुटलेले प्रवाळ, त्यांतून पळणारे मासे. आजीची मान हळूहळू फिरत होती आणि दोनशे माणसांचा समुद्र तिच्या मानेबरोबर फिरत होता. "इथला प्रवाळ पांढरा पडलाय," ती हळूच म्हणाली. "यंदा पाणी फार तापलं असणार." कितीतरी म्हाताऱ्या बायका पुढे सरकून बसल्या. त्यांचेही पाय सात-आठ वर्षं पाण्याला लागले नव्हते.

मग आजीने प्रवाळाची भिंत दिसते का ते बघायला मान पूर्ण मागे वळवली.

पडद्यावर एक अवाढव्य कलिंगड आलं. कलिंगडात चोकेइ योनामिने होते. डोळे ताणलेले, ओठ भाषण पुटपुटणारे, लांब बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बंद आणि बांबू छातीशी कवटाळलेला. मागचा डोळा जादा नव्हता, हे चोकेइंना दोनशे माणसांबरोबरच कळलं.

"हा कुणाचा मुलगा?" आजीने विचारलं.

सभागृह कोसळलं. मिनेइबाईंनी तोंडात रुमाल कोंबला. हात्सुको म्हणाली, "अहो, कॅमेऱ्यासाठी होती ना ती?" तेवढ्यात पडद्यावरचे चोकेइ एका पायावर उडाले, पाण्याखाली गेले, वर आले, आणि सभागृहाच्या चारी भोंग्यांतून त्यांचा आवाज घुमला. "आई गंऽऽ! आई! आई गंऽऽ!"

दंतवैद्य हसताना खुर्चीवरून खाली आले. चोकेइंना वाटलं धरणी दुभंगेल तर बरं. बत्तीस भाषणांची कमाई एका कलिंगडाने घालवली. फक्त आजी हसत नव्हती. ती मान खाली झुकवून बसली होती.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

आगारिए यांनी पुन्हा लावलं. पुन्हा "आई गं". पुन्हा हशा.

"आणखी एकदा."

तीन वेळा! सख्ख्या आईने! तिसऱ्या वेळी तर पोरं कोरसमध्ये ओरडली. चोकेइंचे डोळे भरून आले आणि ते भज्यांच्या परातीकडे बघत राहिले.

फिल्म पुढे सरकली. मडक्यासारखा खडक आला. आजीने मान डावीकडे झुकवली, कोपरभर खाली, आणि बीळ पडद्यावर सगळ्या गावासमोर स्वच्छ उजेडात आलं. चोकेइंनी डोळे मिटले.

"अगं बाई!" पुढच्या रांगेत नाबे आजी ताडकन उभी राहिली. "ते माझं बी—" आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

उशीर झाला होता. गोझेई आजीने सावकाश चष्मा काढला. सत्त्याण्णव वर्षांच्या चेहऱ्यावर चोरून साखर खाल्लेल्या पोरीचं हसू होतं.

"चाळीस वर्षं मला शंका होती," ती म्हणाली. "मडक्याजवळच असणार म्हणून. खात्री तेवढी होत नव्हती."

"गोझेई, भवाने! लेकाला हेर म्हणून पाठवलंस?"

"रागावू नकोस गं. चांगलं आहे बीळ. जरा उथळ आहे, पण चांगलं आहे. चल, गाडीत बस माझ्याशेजारी."

"बसणारच! तुझं कुठं आहे ते कळल्याशिवाय उतरणार नाही."

"तुझ्या सत्त्याण्णवला सांगीन."

गाडी निघाली. मागे दोन म्हाताऱ्या, एकीच्या हातात भिरभिरं आणि दुसरीच्या पोटात राग. पुढे चोकेइ, मान खाली. लोक आजीचा हात हातात घेत होते आणि जाता जाता चोकेइंना "आई गं" म्हणत होते. समुद्राच्या भिंतीपाशी गाडी वळली, नाबे आजी पलीकडे कुणाशी तरी बोलायला वाकली, आणि गोझेई आजी मुलाची कॉलर नीट करायच्या निमित्ताने पुढे झुकली.

"रुसलास?"

"तीन वेळा, आई. एकदा हसलं तर समजू शकतो."

"तुला कोण बघत होतं? तू ओरडत होतास ना, तिथं तुझ्या डाव्या पायाच्या मागं बघत होते मी." आजीचा आवाज एकदम बारीक झाला. "ते माझं. आत आहे कुणीतरी अजून. दोन डोळे दिसले. तिन्ही वेळा दिसले."

चोकेइंनी वळून आईकडे पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"तुला ठरवूनच पाठवलं नव्हतं तिकडे. भीती वाटली असती तुला. पण ओढ तिथंच नेते माणसाला. सहा वर्षांचा होतास तेव्हाही तिथंच नेलं होतं. तेव्हाही असाच ओरडला होतास. हातात एवढा मोठा ऑक्टोपस होता माझ्या. तो सोडला आणि तुझे केस धरले."

"आई," चोकेइ कसेबसे म्हणाले, "तो ऑक्टोपस—"

"हळू बोल, नाबे ऐकते." आजीने त्यांच्या हातात भिरभिरं कोंबलं आणि मागे टेकून बसली. "उद्यापासून पोहायला शीक. बीळ आता तुझं आहे."